खास टूल नाही, मग व्हॅनचा टायमिंग बेल्ट घरी बदलायचा की नाही?

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जुळवून फिरवणारा दातेरी पट्टा. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेक प्रश्न व्हॅनवाल्यांचे आहेत आणि ते साहजिकच आहे, व्हॅन उभी राहिली की काम बंद. काही प्रश्न लांब होते ते कापून छोटे केलेत, मुद्दा तोच ठेवलाय.

प्रश्न: दादा, माझी डिझेल व्हॅन आहे, माल वाहते. बेल्टची वेळ आलीय. ऑइल, ब्रेक पॅड, अल्टरनेटरचा बेल्ट हे सगळं मी स्वतः करतो, पाने-सॉकेट भरपूर आहेत, टॉर्क रेंच पण आहे. पण मॅन्युअलमध्ये दर दोन ओळींनंतर स्पेशल टूल नंबर अमुक, स्पेशल टूल नंबर तमुक. ते किट माझ्याकडे नाही. त्याशिवाय जमेल का?

जमतं, पण ते तुमच्या हातावर कमी आणि तुमच्या इंजिनावर जास्त अवलंबून आहे. म्हणून पहिला बोल्ट सोडायच्या आधी इंजिनचा कोड बघा, त्या कोडचंच मॅन्युअल मिळवा आणि बेल्टचं प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचा. एकाच नावाच्या व्हॅनमध्ये वेगवेगळी इंजिनं बसवलेली असतात. फोक्सवॅगनची टी५ घ्या, १.९ टीडीआयला बेल्ट आहे आणि २.५ टीडीआयला बेल्टच नाही, तिथे कॅम गिअरवर फिरतो. त्यामुळे "मित्राच्या तशाच व्हॅनला असं केलं होतं" यावर विसंबून काम सुरू करू नका.

आता ते टूल नंबर. नंबर बघून घाबरायचं नाही, ते टूल तिथे नेमकं काय काम करतंय ते बघायचं. टायमिंगचं कुठलंही खास टूल तीनपैकी एक काम करतं: क्रँक, कॅम आणि असलाच तर डिझेल पंप यांना ठरलेल्या जागी धरून ठेवणं, नाहीतर बोल्ट सोडता-आवळताना पुली फिरू न देणं, नाहीतर बेल्टचा ताण ठरवणं. पहिल्या कामाला घरगुती पर्याय बऱ्याच वेळा मिळतो. दुसऱ्याला डोकं लावलं की मिळतो. तिसऱ्याला कधी मिळतो, कधी अजिबात नाही. तुमच्या मॅन्युअलमधल्या प्रत्येक टूलसमोर पेन्सिलने लिहा की हे यातलं कुठलं काम आहे आणि माझ्याकडे त्याला काय आहे, आणि एका जरी टूलसमोर जागा रिकामी राहिली तर तोवर व्हॅन उघडू नका.

जागेवर धरण्याचं काम एवढं नाजूक का, ते आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी काळजी तिथूनच येते. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक फेरा फिरतो, हे प्रमाण बेल्ट राखतो. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, पिस्टन वर आला की हेडखाली जागा जवळजवळ उरतच नाही, म्हणजे वॉल्व्ह आणि पिस्टन एकच जागा वापरतात, फक्त वेळ वेगळी. ती वेळ चुकली की धातूवर धातू. कॅमच्या पुलीला समजा ४० दाते असतील तर एका दात्याची चूक म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. काही इंजिनं एका दात्याच्या चुकीवर कशीबशी चालतात, धूर मारतात, ओढत नाहीत, चेक लाइट लागतो. काहींना तेवढंही सहन होत नाही.

पर्याय कसा असतो ते एका जुन्या इंजिनावर बघा. प्युजो आणि सिट्रोएनच्या छोट्या व्हॅनमध्ये एक्सयूडी नावाचं डिझेल इंजिन असायचं. त्याला लॉक करायला फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकाचं जड चाक) भोकात ८ मिमीची सळई, कॅमच्या पुलीत एक एम८ बोल्ट आणि डिझेल पंपाच्या पुलीत दोन एम८ बोल्ट, बस. अशी बरीच इंजिनं आहेत जिथे किटमधली पिन म्हणजे शेवटी ठरलेल्या मापाची गुळगुळीत सळईच असते. मॅन्युअलमध्ये व्यास दिलेला असला तर तेवढ्या मापाची सळई किंवा बिनआट्याच्या दांड्याचा बोल्ट चालतो, पण भोकात तो खुळखुळता कामा नये. खुळखुळला म्हणजे तेवढ्या अंशांची चूक तुम्ही स्वतःच आत घालताय. ड्रिल बिट वापरणारे पण आहेत, वापरायचंच असेल तर मागची गुळगुळीत बाजू आत घाला, आणि लक्षात ठेवा की ड्रिल बिट कडक असतो, वाकत नाही, थेट तुटतो, आणि तुकडा बेल हाउसिंगमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं फ्लायव्हीलचं घर) पडला तर गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते. मी साधी लोखंडी सळईच घ्या म्हणेन. काही इंजिनांत मात्र पिन विचित्र आकाराची असते, पायरी असलेली किंवा आट्यांनी बसणारी आणि क्रँकचं वेब (दांड्याचा आडवा बाहू) तिच्यावर टेकणारी. तिथे लांबी एक मिमीने चुकली तरी टायमिंग चुकतं, तिथे अंदाजाने काही बनवू नका.

आणि हे मोठ्या अक्षरांत वाचा: पिन फक्त जागा दाखवायला आणि राखायला असते, जोर झेलायला नाही. पिन लावलेली ठेवून क्रँकच्या बोल्टवर पाइप घालून ओढलं की पिन वाकते, भोक फाटतं, कधी ब्लॉकचं कास्टिंग फुटतं.

ताणाबद्दल. तुमच्याकडे स्प्रिंगचा ऑटोमॅटिक टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) असेल आणि त्यावर काटा आणि खाच असेल तर निश्चिंत राहा, काटा खाचेसमोर आणायचा, नट आवळायचा. तो फिरवायला दोन भोकांत बसणारा पाना लागतो, त्याजागी मजबूत सर्क्लिप प्लायर चालतो. हायड्रॉलिक टेन्शनर असेल तर तो व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबायचा, घाई केली की आतला सील जातो, आणि भोकं समोरासमोर आली की बारीक खिळा किंवा ॲलन की घालून ठेवायची. बेल्ट बसल्यावरच ती ओढायची. पण मॅन्युअलमध्ये ताण मीटरने मोजा, एवढ्या हर्ट्झला लावा असं लिहिलं असेल आणि टेन्शनरवर काटाबिटा काही नसेल, तर बोटांनी बेल्ट ९० अंश पिळून बघायच्या जुन्या पद्धतीवर विसंबू नका. ती पद्धत बेल्ट अगदीच ढिला आहे का हे सांगते, बरोबर आहे का हे सांगत नाही. ते मीटर कुणाकडून तरी एका दिवसासाठी मागून आणा.

खास टूलशिवाय घरी अजिबात करू नका अशी पण इंजिनं आहेत. ज्यात क्रँकच्या किंवा कॅमच्या पुलीला 'की' (पुली शाफ्टवर फिरू नये म्हणून खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) नसते, म्हणजे पुली शाफ्टवर फक्त बोल्टच्या दाबाने धरलेली असते, तिथे बोल्ट सोडला की पुली मोकळी, शाफ्ट कुठे आणि पुली कुठे याचा काही संबंध राहत नाही. तिथे शाफ्टलाच धरणारं टूल लागतं आणि त्याला पुली-बेल्टवर काढलेल्या व्हाइटनरच्या खुणा हा पर्याय होत नाही. मॅन्युअलमध्ये "पुली शाफ्टवर मोकळी फिरली पाहिजे" असं वाक्य आलं की तिथेच थांबा, किट भाड्याने आणा किंवा काम दुसऱ्याला द्या.

व्हॅनचं म्हणून एक वेगळं सांगतो. कारमध्ये चाक काढलं की बेल्टची बाजू समोर येते, व्हॅनमध्ये कधी इंजिन सीटखाली असतं, कधी नाक इतकं आखूड की रेडिएटरसकट पुढचं पॅनल पुढे सरकवावं लागतं. बऱ्याच व्हॅनमध्ये बेल्ट इंजिनच्या माउंटमधून जातो, म्हणजे माउंट काढल्याशिवाय बेल्ट निघतच नाही. तेव्हा ऑइल सम्पखाली (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) रुंद लाकडी ठोकळा आणि त्याखाली जॅक, इंजिन उचलायचं नाही, फक्त वजन घ्यायचं. व्हॅन स्वतः मात्र स्टँडवरच पाहिजे, चाकांना ठोकळे, आतला माल उतरवलेला. जॅकवर उभ्या व्हॅनखाली हात पण घालू नका, आणि सुरुवातीलाच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

प्रश्न: पुली आणि बेल्टवर व्हाइटनरने खुणा करायच्या, मग त्याच खुणा नव्या बेल्टवर उतरवायच्या, असं केलं तर लॉक करायची गरजच नाही असं सांगतात. खरं आहे का? आणि जुना बेल्ट मधून उभा कापून अर्धा ठेवायचा आणि नवा अर्धा सरकवायचा ही ट्रिक कशी आहे?

खुणांची पद्धत चांगली आहे आणि लॉक केलं तरी मी खुणा करायला सांगतोच. पण ती एक गोष्ट गृहीत धरते की आत्ताचा बेल्ट बरोबर बसलेला आहे. आधीच्या माणसाने एक दाता चुकवला असेल तर तुम्ही तोच दाता प्रामाणिकपणे नव्या बेल्टवर उतरवता. म्हणून आधी कंपनीच्या मूळ खुणा जुळतात का ते बघा, मग स्वतःच्या करा.

खुणा करताना पुलीच्या दात्यावर, बेल्टवर आणि मागच्या न हलणाऱ्या भागावर, अशी एका रेषेत खूण करा. नुसती पुली आणि बेल्टवर केलेली खूण पुली हलली की तुम्हाला काहीच सांगत नाही. जुना बेल्ट काढल्यावर दोन खुणांमधले दाते मोजा, कागदावर लिहा, नव्या बेल्टवर तेवढेच मोजून खुणा करा आणि परत मोजा. नवा आणि जुना बेल्ट शेजारी ठेवून एकूण दाते, रुंदी आणि दात्याचा आकार पण बघा, काही दाते गोल असतात काही चौकोनी, आणि चुकीच्या आकाराचा बेल्ट पुलीवर बसल्यासारखा वाटतो पण लोडवर दाते खातो.

खरी अडचण वेगळी आहे. बेल्ट सुटला की कॅम आपल्या जागी थांबतोच असं नाही, वॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला ढकलतात आणि तो टकदिशी पुढे किंवा मागे जातो. दोन कॅमच्या इंजिनात तर दोन्ही कॅम वेगवेगळ्या बाजूला जाऊ शकतात. खूण होती म्हणून तो परत आणता येतो, पण परत आणताना डिझेलमध्ये वॉल्व्ह पिस्टनला टेकायची भीती असते. म्हणून लॉकिंग पिनची सोय नसलेल्या इंजिनात निदान दोन कॅम पुलींच्या मध्ये लाकडाची घट्ट पाचर मारा म्हणजे त्या एकमेकींना धरून राहतील.

अर्धा बेल्ट कापायची ट्रिक मला आवडत नाही. टायमिंग हलत नाही हे खरंय, पण तसं करायचं तर टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली) जुनेच ठेवावे लागतात, आणि नवा बेल्ट पुलीवर चढवायला रेटावा लागतो. बेल्टच्या आत काचेच्या धाग्यांची दोरी असते, तीच सगळा जोर झेलते. बेल्ट मुडपला, उलटा केला, पिळला किंवा स्क्रू ड्रायव्हरने पुलीवर रेटला की आतले धागे तुटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. नवाकोरा बेल्ट बॉक्समधून काढताना पण त्याला आहे त्या गोलाईतच धरा.

प्रश्न: क्रँक पुलीचा बोल्ट सुटतच नाही. पाना चेसिसला टेकवून स्टार्टर मारला की एका झटक्यात सुटतो असं एकाने सांगितलं. करू का?

नको. सुटतो कधी कधी, पण पाना सटकला तर तो कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि क्षणभरासाठी का होईना इंजिन चालू झालं तर पुढचं सांगायलाच नको.

मॅन्युअल गिअरची व्हॅन असेल तर टॉप गिअर टाका, दुसऱ्या माणसाला ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा, आणि लांब ब्रेकर बारवर पाइप घालून एकसारखा जोर लावा. झटके देऊन नाही. पुढच्या चाकांवर चालणारी व्हॅन असेल आणि चाक काढलेलं असेल तर डिस्क हबवर नुसती लटकत असते, म्हणून दोन चाकबोल्ट वॉशर घालून लावून घ्या, मग ब्रेक नीट धरतो. सॉकेट सहा कोनी घ्या, बारा कोनी बोल्टचं डोकं खातो. हवेची किंवा बॅटरीची इम्पॅक्ट गन असेल तर सोडायला बेस्ट, पण आवळायला ती वापरायची नाही. ऑटोमॅटिक गिअर असेल तर गिअर टाकून इंजिन धरलं जात नाही, तिथे पुलीच्या भोकांत दोन बोल्ट घालून त्यांना अडकेल अशी लोखंडी पट्टी बनवावी लागते किंवा मागची फ्लायव्हीलची बाजू धरावी लागते.

क्रम महत्त्वाचा आहे. जुना बेल्ट जागेवर असतानाच हा बोल्ट सैल करा, पिना न लावता. सैल झाला की मग क्रँक फिरवून खुणा जुळवा आणि त्यानंतर पिना. उलट केलंत, आधी टायमिंग लावलं आणि मग बोल्टशी झटापट केली, तर क्रँक हललेलाच असणार.

हा बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचा असतो, ताणून बसणारा, त्याला ठरावीक टॉर्क आणि वर ठरावीक अंश. कोन मोजायचं टूल नसेल तरी चालतं, बोल्टचं डोकं षटकोनी असतं, एका कोपऱ्यापासून शेजारच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर ६० अंश. एका कोपऱ्यावर आणि त्याच्यासमोर पुलीवर रंगाचा ठिपका द्या. ६० अंश म्हणजे पुढचा कोपरा तुमच्या पुलीवरच्या ठिपक्यासमोर येईपर्यंत, ९० म्हणजे त्याच्याही पुढे अर्धी बाजू. क्रँक स्वतः फिरला नाही ना एवढं बघा. टॉर्क रेंचला मात्र पर्याय नाही, ते खास टूल नव्हे, ते असलंच पाहिजे.

प्रश्न: बेल्ट बसवला, हाताने दोन फेरे फिरवले, आता बेल्टवरच्या पांढऱ्या रेषा पुलीच्या खुणांसमोर येतच नाहीत. सगळं परत काढू का? फिरवताना मध्ये मध्ये जड पण जातंय.

काढू नका, आधी पुलींच्या खुणा बघा. क्रँकची खूण ब्लॉकच्या खुणेसमोर आणि कॅमची खूण हेडच्या खुणेसमोर आली असेल तर सगळं बरोबर आहे. बेल्टवरच्या रेषा फक्त बसवतानाच्या मदतीला असतात. समजा क्रँकच्या पुलीला २० दाते आहेत आणि बेल्टला १४१, तर दोन फेऱ्यांत बेल्ट फक्त ४० दाते पुढे सरकला, रेषा कुठेतरी दुसरीकडेच जाणार. लोक याच जागी घाबरून नीट बसलेला बेल्ट परत काढतात.

पुलींच्या खुणाच चुकत असतील तर कारण बहुतेक वेळा एकच असतं, ढिलाई चुकीच्या बाजूला राहिली. बेल्ट क्रँकपासून चढवायला सुरुवात करायची, मग टेन्शनर जिथे नाही त्या बाजूने वर जायचं, ती बाजू तारेसारखी ताठ ठेवत एकेक पुली घ्यायची, आणि जेवढी ढिलाई उरेल ती सगळी टेन्शनरकडे आणायची. ताठ बाजूला अर्ध्या दात्याची ढिलाई राहिली की टेन्शनर लागल्यावर ती कॅमला ओढून घेतो आणि खूण सरकते.

जड जाण्याबद्दल: कॉम्प्रेशनचा जडपणा स्प्रिंगसारखा असतो, जोर लावून धरलं की हळूहळू सैल पडतो. डिझेल असेल तर ग्लो प्लग, पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग काढून ठेवले की तो जातो, फक्त ग्लो प्लग थंड इंजिनात जोराने ओढू नका, तुटतात. वॉल्व्ह पिस्टनला टेकला तर टणक अडतं, भिंतीला टेकल्यासारखं. तसं झालं की त्याच क्षणी थांबा आणि मागे या. नेहमी क्रँकच्या बोल्टवरूनच फिरवा, कॅमच्या बोल्टवरून कधीच नाही, आणि इंजिन चालतं त्याच दिशेने. पाना लांब घेऊ नका, हाताला जाणवलं पाहिजे. हे दोन फेरे झाल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही, मग कितीही उशीर झालेला असो. फेऱ्यांनंतर टेन्शनरचा काटा परत तपासा, पहिल्यांदा लावलेला ताण बेल्ट बसल्यावर थोडा उतरतो.

प्रश्न: नुसता बेल्ट बदलला तर चालेल का? टेन्शनर फिरवून बघितला, आवाज नाही.

बेल्ट, टेन्शनर, आयडलर असं पूर्ण किट घाला. रस्त्यात गेलेल्या बेल्टच्या मागे बऱ्याचदा जाम झालेला आयडलर किंवा वॉटर पंपाची बेअरिंग असते, बेल्ट बिचारा त्यावर घासून तुटतो. हाताने फिरवताना आवाज नाही याचा अर्थ फार थोडा, ती पुली पुढचा सगळा काळ हजारो आरपीएमवर फिरणार आहे. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर तोही आत्ताच, नाहीतर पुढे पंप गळला की हेच सगळं काम परत. कॅम आणि क्रँकच्या ऑइल सीलभोवती ओल दिसली तर तेही बदला, ऑइल लागलेला बेल्ट फुगतो आणि दाते सोडतो. नवा पंप बसवताना गॅस्केट असेल तर वर सिलंट थापू नका, जादाचं आत जाऊन कूलंटच्या नळ्यांत अडकतं. आणि काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, गोड लागतं म्हणून जनावरं पितात आणि ते विष आहे.

प्रश्न: व्हॅन आठ वर्षांची, पण किलोमीटर फार कमी. बेल्ट काढून बघितला, एकही चीर नाही. अजून चालवू?

मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात आणि जे आधी येईल ते धरायचं असतं. वर्षांची मर्यादा गेली असेल तर बदला. रबर उभ्या व्हॅनमध्ये पण म्हातारं होतं. हल्लीच्या बेल्टचं रबर असं असतं की चिरा न पडताही आतली दोरी थकलेली असते, म्हणजे चीर दिसली तर बेल्ट खराब हे नक्की, पण दिसली नाही तर चांगला असं नाही. शिवाय डिलिव्हरीची व्हॅन दारोदार उभी राहून इंजिन चालूच ठेवते, त्या तासांत बेल्ट फिरतोय आणि किलोमीटरचा आकडा हलत नाही. जुनी व्हॅन विकत घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललेलाच नाही असं धरा.

प्रश्न: चालत्या व्हॅनमध्ये बेल्ट तुटला. नवा घातला की झालं का, की हेड उतरवायचं?

आधी तपासा, घाईने हेड उतरवू नका आणि घाईने पूर्ण किट पण विकत आणू नका. डिझेल असेल तर वॉल्व्ह वाकले असण्याची शक्यता मोठी आहे. काही पेट्रोल इंजिनांत मात्र वॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये जागा असते, तिथे काही झालेलं नसतं.

बेल्ट नसताना क्रँक आणि कॅम वेगवेगळे फिरवावे लागतात आणि तिथेच जास्त नुकसान होतं. साध्या चार सिलेंडरच्या इंजिनात क्रँक टॉपच्या खुणेपासून (पहिला पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) ९० अंश मागे न्या, म्हणजे चारही पिस्टन सिलेंडरच्या मध्यावर येतात, एकही वर नसतो. क्रँक तिथवर नेतानाच टणक अडला तर वॉल्व्ह कुठेतरी पिस्टनवर बसलेला आहे, रेटू नका. मग कॅम त्याच्या खुणेवर आणा, आणि शेवटी क्रँक त्याच जवळच्या रस्त्याने टॉपला परत आणा. तीन किंवा पाच सिलेंडरच्या इंजिनात सगळे पिस्टन एकाच वेळी मध्यावर येत नाहीत, तिथे मॅन्युअल सांगेल तेच करायचं. बेल्ट तात्पुरता चढवून हाताने दोन फेरे फिरवा, मग कॉम्प्रेशन मोजा. एखाद्या सिलेंडरला कॉम्प्रेशनच नसेल तर तिथला वॉल्व्ह वाकलाय, हेड उतरवावं लागणार. सगळे सारखे आणि मॅन्युअलमधल्या आकड्यांत असतील तर किट आणा आणि नीट बसवा.

प्रश्न: माझ्या व्हॅनचा बेल्ट इंजिनच्या आत ऑइलमध्ये चालतो म्हणे. तोही असाच बदलता येतो का?

नाही. फोर्डच्या २.० इकोब्लू डिझेलसारख्या इंजिनात असा ऑइलमध्ये भिजलेला बेल्ट असतो. तिथे सीलबंद कव्हर उघडावं लागतं, परत सील करावं लागतं, आणि बेल्टचे कण झडलेले असतील तर ते ऑइलच्या गाळणीत जातात आणि ऑइलचा दाब पडतो, म्हणजे सम्प काढून गाळणी पण बघायला हवी. हे काम टूल किट असलेल्या माणसाला द्या. तुमच्या हातात आहे ते म्हणजे कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल, वेळेच्या थोडं आधीच बदललेलं. चुकीचं ऑइल हा बेल्ट खातं.

प्रश्न: बेल्ट बदलला, गाडी मस्त चालतेय, पण बेल्टच्या खालच्या प्लॅस्टिक कव्हरचे दोन कान तुटले. कव्हर न लावता चालवली तर?

चालवू नका. व्हॅनचं चाक तिथून हातभर अंतरावर आहे, एक छोटा खडा उडून बेल्ट आणि क्रँकच्या पुलीमध्ये गेला की दाता सुटतो आणि मग वर बेल्ट तुटलेल्या प्रश्नातली परिस्थिती तुमची. कान तुटले असतील तर उरलेल्या बोल्टवर रुंद वॉशर घालून कव्हर बसतं का बघा, पण ते हाताने हलवल्यावर बेल्टला शिवता कामा नये, शिवत असेल तर नवं कव्हर मागवा. आणि मस्त चालतेय म्हणताय तरी एकदा बोनेट उघडून ऐका, आरपीएमबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी येत असेल तर बेल्ट जास्त ताणलाय, फटफट असा मार ऐकू येत असेल तर ढिला आहे. दोन्हीपैकी काहीही असेल तर इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, आणि कव्हर नव्याने लावायच्या आधी टेन्शनरचा काटा बघा.